डोंगरातले मोकळे रस्ते: रोड सायकलसाठी मार्ग कसा आखावा

कुठलाही डांबरी रस्ता रिकामा असतो तेव्हा त्यामागे काहीतरी कारण असतं. शेजारून नवा रुंद रस्ता निघाला, डोंगरातून बोगदा झाला, रस्ता शेवटच्या वस्तीवर जाऊन संपतो, मध्ये खांब रोवून गाड्या बंद केल्यात. किंवा मग पूल वाहून गेलाय, चढ वीस टक्क्यांचा आहे, डांबर उखडून नुसती खडी उरली आहे. पहिल्या चार कारणांनी गाडीवाला अडतो आणि सायकलवाल्याला रान मोकळं मिळतं. शेवटच्या तिन्हींनी दोघंही अडतात. मार्ग आखताना प्रत्येक तुकड्याला हाच प्रश्न विचारायचा: हा रस्ता रिकामा का आहे? उत्तर मिळेपर्यंत तो तुकडा मार्गात घेऊ नये.

मोकळा म्हणजे किती मोकळा

मोटारींना पूर्ण बंद असलेले रस्ते डोंगरात तुकड्या-तुकड्यांनी मिळतात. साठ-ऐंशी किलोमीटरची फेरी नुसत्या त्यांच्यावर क्वचितच बसते. बाकीचा भाग वाहनांना खुला असलेल्या, पण कुणी फारसं न वापरणाऱ्या रस्त्यांनी भरून काढावा लागतो. म्हणून वर्दळ मोजण्याची सवय लावून घ्यावी. रस्त्याच्या कडेला पंधरा मिनिटं थांबा, दोन्ही दिशांच्या गाड्या मोजा आणि चारने गुणा. तासाला दहापर्यंत आकडा आला तर चढावर साधारण सहा मिनिटांना एक गाडी भेटेल, आणि ती लांबूनच ऐकू येईल. तीसच्या पुढे गेलं की सतत मागे लक्ष ठेवावं लागतं.

नुसत्या आकड्यावर जाऊ नका. सरळ, रुंद रस्त्यावर ताशी ८० किलोमीटरने जाणाऱ्या वीस गाड्या अरुंद नागमोडी रस्त्यावरच्या चाळीस गाड्यांपेक्षा जास्त धोक्याच्या. अरुंद रस्त्यावर चालकाला वेग कमी करावाच लागतो. दोन्हींतून एक निवडायचा झाला तर आमचा कल नेहमी अरुंद रस्त्याकडे.

मोजणी ज्या वारी, ज्या वेळी सायकल चालवायची त्याच वारी, त्याच वेळी करावी. दगडखाणीच्या रस्त्यावर कामाच्या दिवशी डंपरची रीघ असते आणि सुट्टीला चिटपाखरू नसतं. धरण, धबधबा किंवा उंचावरच्या ठिकाणाकडे जाणाऱ्या रस्त्याचं नेमकं उलट: आठवडाभर सामसूम, सुट्टीच्या दिवशी दहा वाजल्यानंतर गाड्यांची रांग. एकच रस्ता सकाळी सहाला वेगळा आणि अकराला वेगळा असतो.

नकाशावर नजर कुठे टाकायची

सगळ्यात भरवशाची जागा म्हणजे नव्या घाटरस्त्याच्या शेजारचा जुना घाट. बोगदा किंवा रुंद वळणांचा नवा रस्ता झाला की गाड्या तिकडे वळतात आणि जुना रस्ता वर्षानुवर्षं तसाच पडून राहतो. स्वित्झर्लंडमधल्या गोट्थार्ड खिंडीत तेच झालं. आधी रुंद घाटरस्ता आला, मग १९८० साली खालून बोगदा सुरू झाला, आणि दगडी फरसबंदीच्या जुन्या ट्रेमोला रस्त्यावरची आरपार वाहतूक ओसरली. अशा रस्त्याच्या डागडुजीकडे लक्ष कमी असतं, हे गृहीत धरूनच जावं. दरड पडली तर ती लवकर उचलली जात नाही. कठडा तुटला तर तुटलेलाच राहतो.

दुसरी जागा नदीच्या पलीकडच्या काठावर. दरीत बहुधा एका काठाने मुख्य रस्ता जातो. दुसऱ्या काठाने शेतं आणि वस्त्या जोडणारा जुना रस्ता असेल तर गाडीवाल्याला त्यावर जायचं काही कारण उरत नाही. तो जास्त चढउतारांचा असतो, कारण प्रत्येक ओढ्याला खाली उतरून मोरीवरून पुन्हा वर चढतो. पाच-पाच मिनिटांचे हे चढ पाय हळूहळू संपवतात. एकूण चढाईचा हिशेब करताना ते सुटता कामा नयेत.

रूळ काढून सायकलवाट केलेले जुने रेल्वेमार्ग नवख्या पायांसाठी उत्तम. साध्या रुळांवर चालणाऱ्या आगगाडीला जास्त चढ झेपत नाही, त्यामुळे या मार्गांची चढण सहसा दोन-तीन टक्क्यांच्या आत असते. जर्मनीतल्या आखेनपासून बेल्जियममार्गे लक्झेंबर्गमध्ये पोचणारी फेनबान ही सुमारे १२५ किलोमीटरची वाट अशाच जुन्या लोहमार्गावर आहे. स्पेनमध्ये १९९३ पासून जुन्या लोहमार्गांचे असे हरित मार्ग तयार होत आले आहेत, आणि त्यांतल्या सिएर्रा मार्गाच्या ३६ किलोमीटरमध्ये तीस बोगदे आहेत. या मार्गांवर दोन गोष्टी तपासायच्या. पृष्ठभाग डांबरी आहे की दाबलेल्या बारीक खडीचा, आणि बोगद्यांत दिवे आहेत की नाहीत.

कालव्यांच्या आणि पाण्याच्या मोठ्या नळांच्या देखभालीचे रस्ते डोंगराच्या कडेने समपातळीत जातात, त्यामुळे चढ जवळजवळ नसतो. तिथे जायला परवानगी आहे का, हे आधी विचारून घ्यावं. काही ठिकाणी फाटकाला कुलूप असतं. पवनचक्क्यांकडे जाणारे रस्ते नकाशावर फार मोहक दिसतात: लांबलचक पाती न्यायची म्हणून वळणं रुंद, गाडी एखाद-दुसरी. पण ते बऱ्याचदा खडीचे असतात आणि कड्यावर जाऊन संपतात. चांगली उपग्रह प्रतिमा पाहिल्याशिवाय त्यांच्या नादी लागू नका.

आता सगळ्यात मोलाचा प्रकार. शेजारशेजारच्या दोन दऱ्या घ्या. प्रत्येकीत एक डांबरी रस्ता शेवटच्या वस्तीपर्यंत जातो आणि संपतो. गाडीवाल्याच्या दृष्टीने दोन्ही रस्ते आंधळे, म्हणून तिथे वस्तीतली माणसं सोडून कुणी जात नाही. नकाशा मोठा करून पाहिला की कधीकधी दोन्ही टोकांमध्ये कमी उंचीच्या खिंडीतून जाणारी तीन-चारशे मीटरची पायवाट दिसते. तेवढं अंतर सायकल ढकलायला दहा-पंधरा मिनिटं लागतात. त्या बदल्यात दोन्ही दऱ्या मिळून वीस-पंचवीस किलोमीटरचा रस्ता मिळतो, ज्यावरून आरपार जाणारं एकही वाहन नसतं. अशी जोडणी वापरायची असेल तर तीन बोल्टच्या रोड क्लीटऐवजी (क्लीट म्हणजे बूट पेडलमध्ये अडकवणारा तळव्याचा तुकडा) दोन बोल्टचे, तळव्यात खोल बसणारे क्लीट असलेले बूट घाला. रोड क्लीटने खडकावर चालताना पाय घसरतो आणि प्लास्टिक झिजून पुढे पेडलमध्ये नीट बसत नाही. खिंडीच्या दोन्ही बाजूंना उंची किती हेही पाहा. चारशे मीटरच्या वाटेत दीडशे मीटरचा चढ असेल तर सायकल खांद्यावर घ्यावी लागेल, ते ढकलणं राहत नाही.

आधी पूल आणि खिंडी, मग रस्ते

डोंगराळ मुलखात खरे अडथळे दोनच: नदी आणि डोंगराची सोंड. त्या ओलांडायच्या जागा मोजक्या असतात आणि सगळी वाहतूक तिथेच गोळा होते. म्हणून कोऱ्या नकाशावर आधी भागातले सगळे पूल आणि सगळ्या खिंडी ठिपक्यांनी दाखवा. प्रत्येक ठिपक्यावरून मुख्य रस्ता जातो का ते पाहा. ज्यांवरून जात नाही ते तुमच्या मार्गाचे खांब. मग त्यांना जोडणारे लहान रस्ते शोधा. उलट क्रमाने गेलं, म्हणजे आधी छान रस्ते निवडून मग ते जोडायला बसलं, की शेवटी नेमका मुख्य पूलच गळ्यात पडतो.

रस्ते शोधायला ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून बनवलेल्या खुल्या नकाशाइतकं उपयोगाचं काही नाही, कारण त्यात प्रत्येक रस्त्याला वर्ग आणि बऱ्याच रस्त्यांना पृष्ठभागाची नोंद असते. त्यातले दोन शब्द लोकांना हमखास फसवतात. ‘अनक्लासिफाइड’ म्हणजे वर्ग माहीत नसलेला रस्ता असा समज होतो. प्रत्यक्षात तो सर्वांत खालच्या दर्जाचा सार्वजनिक जोडरस्ता असतो, आणि आपल्याला बहुधा तोच हवा असतो. ‘ट्रॅक’ म्हणजे शेताची किंवा जंगलाची वाट. तिला ‘ग्रेड १’ असं लिहिलं असलं तरी ती डांबरी असेलच असं नाही, कारण घट्ट दाबलेली खडीही त्याच दर्जात येते. म्हणून ‘सरफेस’ या नोंदीत डांबर किंवा काँक्रीट असं स्पष्ट लिहिलंय का ते पाहावं. ‘अॅक्सेस’मध्ये खासगी असेल तर तो रस्ता सोडून द्यावा.

मार्ग काढून देणाऱ्या साधनांत बीराउटरमध्ये वेगवान सायकलसाठी कमी वाहतुकीची आणि अतिकमी वाहतुकीची अशा दोन वेगळ्या सेटिंग आहेत. दोन्हींनी मार्ग काढून एकमेकांवर ठेवा. जिथे दोघांचं एकमत होतं तो रस्ता बहुधा चांगला. जिथे ते वेगळे होतात तिथे स्वतः बारकाईने पाहा. स्ट्राव्हा या फेऱ्या नोंदवायच्या अॅपचा हीटमॅप, म्हणजे जास्त वापराचे रस्ते उजळ दाखवणारा नकाशा, सायकलस्वार कुठून जातात एवढंच सांगतो, गाड्या किती हे सांगत नाही. डोंगरातली प्रसिद्ध खिंड त्यावर झळाळून दिसेल, आणि तिथे मोटारसायकलींची झुंबडही असेल. त्याचा खरा उपयोग वेगळा आहे: लहानशा रस्त्यावर फिकट का होईना, आरपार जाणारी रेघ दिसली तर तो कुठे अडलेला नाही. रेघ मध्येच तुटत असेल तर तिथे फाटक, कुत्रा किंवा वाहून गेलेला पूल आहे असं समजून चौकशी करावी.

उपग्रह प्रतिमेत जुनं डांबर राखाडी, काँक्रीट पांढरट आणि खडी किंवा मुरूम मातकट दिसतो. एखाद्या रस्त्यावर राखाडीमधून पांढरे छोटे तुकडे दिसले तर सावध व्हा. फार तीव्र चढावर बरेचदा डांबराऐवजी काँक्रीट घालतात, त्यामुळे तो पांढरा तुकडा म्हणजे भिंतीसारखा चढ असू शकतो. रस्त्यावरच्या छायाचित्रांची सोय असेल तर छायाचित्राची तारीखही वाचा. सहा वर्षांपूर्वीच्या गुळगुळीत डांबराचा आज काही भरवसा नाही.

चढाचा हिशेब

चढ टक्क्यांत मोजतात: वाढलेली उंची भागिले कापलेलं अंतर, गुणिले शंभर. १:५०,००० प्रमाणाच्या नकाशावर एक सेंटिमीटर म्हणजे ५०० मीटर. समोच्च रेषा, म्हणजे समान उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, वीस-वीस मीटर उंचीच्या अंतराने असतील आणि रस्ता दर चार मिलिमीटरला एक रेषा ओलांडत असेल, तर दोनशे मीटरला वीस मीटर, म्हणजे दहा टक्के. अडीच मिलिमीटरला एक रेषा आली की सोळा टक्के.

सरासरीवर विश्वास ठेवू नका. तीन किलोमीटरला सरासरी पाच टक्के लिहिलेला चढ प्रत्यक्षात एक किलोमीटर सपाट, पाचशे मीटर उतार आणि उरलेला चांगलाच उभा असू शकतो. प्रत्येक शंभर मीटरचा चढ वेगळा पाहावा.

संगणकाने काढलेल्या उंचीच्या आलेखातही खोड असते. अनेक साधनं फेब्रुवारी २००० मध्ये अंतराळयानातून केलेल्या रडार मोजणीची माहिती वापरतात, आणि ती साधारण ३० किंवा ९० मीटरच्या चौकटींत असते. रस्ता उभ्या कड्यात कोरलेला असेल तर शेजारच्या चौकटीतली कड्याची किंवा दरीची उंची रस्त्याला चिकटते, आलेखात दात्रे पडतात आणि एकूण चढाई खऱ्यापेक्षा जास्त दिसते. बोगद्याच्या जागी तर आलेखात अख्खा डोंगर उभा राहतो, आणि उंच पुलाच्या जागी खड्डा. जुन्या रेल्वेमार्गाच्या आलेखात वीस टक्क्यांचा सुळका दिसला तर घाबरायचं कारण नाही, तिथे बोगदा आहे का ते आधी बघा.

वेळेचा अंदाज सरासरी वेगावरून काढला की हमखास चुकतो. तुकडे पाडून काढा. समजा ६० किलोमीटरची फेरी आणि १,२०० मीटर चढाई आहे. चढ सरासरी आठ टक्के धरला तर चढाचे १५ किलोमीटर होतात. सायकल धरून ८० किलो वजन आणि १५० वॉट ताकद असेल तर आठ टक्क्यांवर वेग ताशी पावणेआठ किलोमीटरच्या आसपास पडतो, म्हणजे चढाला दोन तास. उताराचे १५ किलोमीटर ताशी ३० ने अर्धा तास. उरलेले ३० किलोमीटर ताशी २२ ने जवळपास एक तास बावीस मिनिटं. एकूण तीन तास बावन्न मिनिटं. त्यात थांबे, फाटकं, पंक्चर यांसाठी वीस-पंचवीस टक्के मिळवा: पावणेपाच तास. सपाटीवर ताशी २५ ने जाणारा माणूस हीच फेरी अडीच तासांची समजून निघाला तर परतताना अंधार होणार.

पाण्याचा हिशेब याच वेळेवर करायचा. तासाला अर्धा ते पाऊण लिटर. रिकाम्या रस्त्यावर दुकानंही नसतात, म्हणून पाणी भरायच्या जागा नकाशावर आधीच खूण करून ठेवा.

तुकडे जोडणं आणि फेरीची दिशा

चांगल्या फेरीत दुबळा दुवा जवळजवळ नेहमी एकच असतो: दोन मोकळ्या रस्त्यांमधला मुख्य रस्त्याचा किलोमीटर-दोन किलोमीटरचा पट्टा. तो टाळता येत नसेल तर त्याची वेळ आणि दिशा आपल्या हातात आहे. पहाटे, वर्दळ सुरू व्हायच्या आत तो पार करावा. शक्य असेल तर तो उताराच्या दिशेने यावा. चढावर ताशी आठने जाताना त्याच पट्ट्यावर पंधरा मिनिटं जातात, उताराने तीन. आणि मुख्य रस्त्यावर येताना व सोडताना समोरची वाहतूक छेदावी लागू नये. जिथे गाड्या डावीकडून चालतात तिथे त्यासाठी डावी वळणं हवीत, म्हणजे फेरी घड्याळाच्या उलट दिशेने. उजवीकडून चालणाऱ्या मुलखात घड्याळाच्या दिशेने.

दिशा ठरवताना दुसरा विचार पृष्ठभागाचा. एका बाजूचा रस्ता खराब आणि दुसऱ्या बाजूचा चांगला असेल तर खराब बाजूने चढावं आणि चांगल्या बाजूने उतरावं. ताशी आठच्या वेगाने खड्डा वेळेवर दिसतो आणि चुकवता येतो. चाळीसच्या वेगाने तोच खड्डा रिम वाकवतो. खराब बाजूचा चढ जास्त उभा असला तरी हाच नियम पाळावा असं आमचं मत आहे. सर्वांत उभ्या तुकड्यावर उतरून चालायला काहीच हरकत नाही.

मार्ग यंत्रात घालताना

सायकलवरच्या जीपीएस यंत्रात घालायच्या जीपीएक्स फाइलमध्ये मार्ग दोन प्रकारे साठवता येतो. ‘ट्रॅक’ म्हणजे जवळजवळच्या बिंदूंची पक्की रेघ. ‘रूट’ म्हणजे मोजके बिंदू, ज्यांमधला रस्ता यंत्र स्वतःच्या नकाशावरून काढू शकतं. मोकळ्या रस्त्यांसाठी नेहमी ट्रॅक घ्या. रूट घेतला तर यंत्राला जो रस्ता बरा वाटेल तिकडे ते नेतं, आणि पुष्कळदा त्याला मुख्य रस्ताच बरा वाटतो.

तसंच ‘मार्ग पुन्हा काढा’ ही सोय बंद ठेवा. एक वळण चुकलं की यंत्र नव्याने मार्ग काढतं. मग तुम्ही त्याच्या बाणांच्या मागे जाता आणि दोन किलोमीटरनंतर ट्रकांच्या मध्ये सापडता. वळण चुकलं तर थांबून मागे फिरणं केव्हाही बरं. दरीत मोबाईलला रेंज नसते, म्हणून नकाशा आधीच उतरवून ठेवा. आणि मार्ग सोडून लवकर खाली यायच्या दोन-तीन वाटाही त्याच नकाशात खूण करा.

गिअर, टायर, ब्रेक

मोकळ्या रस्त्यांचे चढ मुख्य रस्त्यांपेक्षा उभे असतात, कारण मुख्य रस्ता ट्रकला झेपेल असा बांधतात. त्यामुळे सपाटीचा गिअर इथे चालत नाही. वरच्याच उदाहरणात (८० किलो, १५० वॉट) आठ टक्क्यांवर पुढे ३४ आणि मागे २८ दात्यांवर पाय मिनिटाला पन्नासच फेऱ्या मारतात. मागे ३४ केले तर एकसष्ट. बारा टक्क्यांवर वेग ताशी साडेपाचच्या खाली येतो आणि ३४-३४ वरही फेऱ्या त्रेचाळीसवर येतात. पुढे ३० आणि मागे ४० असेल तर सत्तावन्न. पन्नासच्या खाली बराच वेळ पेडल मारलं की गुडघ्यावर भार येतो, पाय भरून येतात आणि संध्याकाळी गुडघा बोलू लागतो. बारा टक्क्यांचे तुकडे मार्गात असतील तर एकाच्या खालचं गुणोत्तर हवं, म्हणजे पुढचे दाते मागच्यांपेक्षा कमी.

मोठी कॅसेट (मागच्या दातेरी चकत्यांचा संच) बसवताना मागचा डिरेलर, म्हणजे चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणारा भाग, तेवढे दाते पेलतो का ते त्याच्या तपशिलात पाहा. लांब पिंजऱ्याचा डिरेलर लागू शकतो. चेनची लांबीही बदलावी लागते. पुढच्या सर्वांत मोठ्या चेनरिंगवर (पेडलजवळच्या चकतीवर) आणि मागच्या सर्वांत मोठ्या चकतीवर, डिरेलरमधून न ओवता, चेन गुंडाळा. दोन टोकं जुळतात त्यापेक्षा इंचभर जास्त ठेवा. जुनी आखूड चेन तशीच ठेवली तर चुकून मोठ्यावर मोठा गिअर पडताच चेन ताणली जाते आणि डिरेलर मोडून चाकात जातो. निर्मनुष्य दरीत ही सर्वांत महागात पडणारी चूक.

टायर किमान २८ मिलिमीटर रुंद, फ्रेममध्ये बसत असेल तर ३२. पंचाहत्तर किलोच्या माणसाने २८ च्या टायरमध्ये मागे ७५ आणि पुढे ७० पीएसआय (हवेच्या दाबाचं एकक) यांच्या आसपास सुरुवात करावी, ३२ मध्ये ६० आणि ५५. हुकलेस रिम (टायर धरून ठेवणारी आतली कड नसलेली) असेल तर टायर आणि रिम या दोघांवर लिहिलेली मर्यादा पाहा. अशा रिमसाठी प्रमाणित कमाल दाब ५ बार म्हणजे ७२.५ पीएसआय आहे, त्यावर कधीही जाऊ नका. दाब फार जास्त असेल तर खडबडीत रस्त्यावर टायर उडत राहतो आणि ब्रेक लागत नाही. फार कमी असेल तर खड्ड्याच्या कडेवर ट्यूब रिममध्ये चिमटली जाते आणि शेजारी-शेजारी दोन भोकं पडतात. ही जोडी दिसली तर टायरमध्ये काटा शोधत बसू नका, हवा वाढवा.

ब्रेकचा अंदाज एका आकड्याने येतो. ८० किलो वजन ४०० मीटर खाली उतरतं तेव्हा सुमारे ३१४ किलोजूल ऊर्जा कुठेतरी जावी लागते. थोडी हवेत जाते, उरलेली ब्रेकमध्ये उष्णता होऊन. सतत हलका ब्रेक धरून उतरलं की रिम किंवा डिस्कला थंड व्हायला उसंत मिळत नाही. रिम ब्रेक असेल तर ट्यूब फुटू शकते आणि कार्बन रिमचं राळ मऊ पडू शकतं. डिस्क असेल तर पकड सैल पडते. बरोबर पद्धत: सरळ रस्त्यावर वेग वाढू द्या, वळणाच्या आधी दोन्ही ब्रेक जोरात लावून वेग पुरेसा कमी करा, सोडा, मग वळा. अनेक डिस्क पॅडमध्ये घासणारा थर अर्ध्या मिलिमीटरवर आला की पॅड बदलायचं असतं. लांब उताराच्या फेरीला त्याच्या जवळ आलेले पॅड घेऊन निघू नका.

सोबत दोन ट्यूब, टायर काढायचे लिव्हर, हातपंप, चेन तोडायचं साधन असलेला मल्टिटूल, आपल्या चेनच्या स्पीडची क्विक लिंक (तुटलेली चेन जोडणारी कडी), फाटलेल्या टायरला आतून लावायचा तुकडा आणि आपल्या फ्रेमचाच डिरेलर हँगर, म्हणजे डिरेलर फ्रेमला जोडणारा तुकडा. हँगर लहानसा असतो, पण प्रत्येक फ्रेमचा वेगळा, आणि दुसरा कुठलाच बसत नाही. मार्गात बोगदा असेल तर पुढचा-मागचा दिवा.

रस्त्यावर

उभ्या चढावर थांबलात की पुन्हा निघणं अवघड जातं, आणि बहुतेक जण सायकल सरळ चढाच्या दिशेला ठेवूनच प्रयत्न करतात. रस्ता मोकळा आहे, त्याचा फायदा घ्या. दोन्ही बाजूंना पाहून सायकल रस्त्यावर तिरकी धरा. पंचेचाळीस अंशात निघालं तर बारा टक्क्यांचा चढ साडेआठचा होतो. मागचं चाक उचलून हाताने पेडल फिरवून सर्वांत हलका गिअर आधीच लावून घ्या. एक पाय पेडलवर अडकवा, ते पेडल पुढे आणि थोडं वर आणा, ब्रेक धरलेला ठेवा. मग खोगिरावर अर्धं टेकत ब्रेक सोडा आणि पहिला जोर द्या. दुसरा पाय क्लीटमध्ये बसवायची घाई नको. तीन-चार फेऱ्या तळव्यानेच मारा.

अगदी तीव्र वळणांत आतली कड बाहेरच्या कडेपेक्षा बरीच उभी असते. चढताना समोरून काही येत नसल्याचं दिसत असेल तरच बाहेरून मोठा वळसा घ्या. दिसत नसेल तर आपल्या बाजूला राहा, पाय दुखले तरी.

रिकाम्या रस्त्यावरचा सर्वांत मोठा धोका म्हणजे तो रिकामाच राहील ही मनात बसलेली खात्री. तासाभरात एकही गाडी भेटत नाही, आणि मग एका गाडीपुरत्याच अरुंद रस्त्याच्या आंधळ्या वळणावर रस्ता भरून ट्रॅक्टर येतो. त्याच्या चालकालाही कुणी येईल असं वाटलेलं नसतं. अशा रस्त्यावर जितकं दिसतं त्याच्या निम्म्या अंतरात थांबता आलं पाहिजे, कारण उरलेलं निम्मं समोरच्याला लागतं. कोरड्या रस्त्यावर आठ टक्क्यांच्या उतारावर ताशी ३६ च्या वेगाने थांबायला, भानावर यायचा एक सेकंद धरून, साधारण २२ मीटर लागतात. म्हणजे ४५ मीटर रस्ता दिसत नसेल तर वेग त्याहून कमी हवा. ओल्या रस्त्यावर आणखी कमी.

पृष्ठभागाचे धोके ठरावीक जागीच असतात. झाडांच्या दाट सावलीत शेवाळ आणि ओला पाला. कच्ची वाट येऊन मिळते तिथे चाकांनी ओढून आणलेली खडी, आणि उतारावर ती वळणाच्या बाहेरच्या कडेला साठते. ओढ्याच्या फरशीवर निसरडा गाळ. उन्हातून एकदम सावलीत गेल्यावर न दिसणारे खड्डे. बोगद्याच्या तोंडाशी गडद चष्मा काढा, दिवा लावा आणि डोळे सरावेपर्यंत हळू जा. जनावरांसाठी रस्त्यात लोखंडी दांड्यांची जाळी घातलेली असेल तर ती काटकोनात, सरळ, ब्रेक न लावता, हँडल सैल धरून पार करावी. ओल्या जाळीवर तिरकं गेलं की चाक निसटतं. जुन्या रेल्वेमार्गांवर रस्ता ओलांडण्याच्या जागी मध्येच खांब असतात. गटात पुढच्याने खांब ओरडून सांगायचा, नाहीतर मागचा त्यावरच जातो.

फाटक उघडं असेल तर उघडं, बंद असेल तर बंद ठेवून जावं. गुरं समोर आली तर घंटी वाजवत घुसू नका. वेग चालण्याइतका कमी करा, आवाज देत पुढे सरका, वासरू आणि गाय यांच्या मधून जाऊ नका. कुत्रा धावून आला तर चढावर त्याच्याशी शर्यत लावून उपयोग नाही. उतरा, सायकल मध्ये धरा, शांतपणे चालत त्याची हद्द ओलांडा.

परत आल्यावर त्याच दिवशी अर्धा तास काढा. कुठल्या किलोमीटरला डांबर संपलं, कुठलं फाटक कुलूपबंद होतं, कुठे पाणी मिळालं हे लिहून ठेवा आणि ओपनस्ट्रीटमॅपवर पृष्ठभागाची चुकीची नोंद दुरुस्त करा. मोठा पाऊस किंवा बर्फ होऊन गेल्यावर जुनी नोंद रद्द समजावी. त्या मार्गावर पहिल्यांदा जाताना पुन्हा अर्ध्याच वेगाने उतरावं.